गरम पाण्याची अंघोळ

लिफ्टचं दार मिटत होतं तेवढ्यात वरच्या मजल्यावरची बाई तिचं कुत्रं घेऊन आत शिरली. पांढरं, केसाळ, गळ्यात लाल पट्टा, अंगाला फुलांच्या साबणाचा वास. कुत्र्याने आधी तिच्या चपला हुंगल्या, मग लिफ्टचा कोपरा, मग माझे पाय. मग ते माझ्यासमोर आलं, वर पाहिलं आणि बसलं. नुसतं थांबलं नाही. पुढचे पाय जुळवून, मान ताठ ठेवून, शिकवल्यासारखं बसलं. बाई हसून म्हणाली, "आवडलात तुम्ही त्याला. कुत्र्यांना माणूस बरोबर कळतो हो काका." मी मान हलवली. माझ्या तोंडात लाळ सुटली होती, ओकारीच्या आधी सुटते ती, आंबट, पातळ. पाठ लिफ्टच्या पत्र्याला टेकली होती आणि पत्रा गार होता, आणि मला वाटत होतं की आता कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवील आणि म्हणेल, हाच. कोणी हात ठेवला नाही. लिफ्ट थांबली, बाई उतरली, कुत्र्याला ओढत नेऊ लागली. ते दार मिटेपर्यंत मागे वळून माझ्याकडे बघत होतं. मी राहतो त्या माझ्या मुलीच्या घराचा मजला खालीच राहून गेला होता. मी तसाच गच्चीपर्यंत गेलो, खाली आलो, पुन्हा वर गेलो. पिशवीतला पाव हातात धरून दाबल्याने चपटा झाला होता.

घरात कोणी नव्हतं. जावई जहाजावर असतो, वर्षातून दोनदा येतो. मुलगी हॉटेलात कामाला आहे. चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे यांच्यावर तिची देखरेख असते. एवढासा डाग दिसला तरी ती चादर परत धुवायला पाठवते. तिचं घरही तसंच आहे. फरशीला लिंबाचा वास, मोरीला देवदाराचा वास, कपड्यांना कसल्यातरी निळ्या बाटलीचा वास. वास नसलेली एक जागा म्हणून नाही. हे सगळे वास मला एकाच वासाचे भाऊबंद वाटतात, फिनेलचे. तुरुंगात रोज सकाळी फिनेल टाकत. माणसं सडत, भिंती सडत, अन्न सडत असे आणि त्यावरून फिनेलचा पोचारा फिरे, आणि साहेब फेरीला आला की नाकाने खोल श्वास घेऊन म्हणे, छान, स्वच्छ आहे. मला घाणीची किळस कधी आली नाही. किळस येते ती घाणीवर पसरलेल्या सुवासाची. मी मोरीत गेलो, सदरा काढला, काखेत नाक घातलं, मग मनगट, मग नखांच्या कडा. काही लागलं नाही. पण स्वतःचा वास स्वतःला कुठे लागतो. इतकी वर्षं मी समजत होतो की तुरुंगाने माझं सगळं घेतलं, पण निदान तेवढं एक केलं, माझा वास घालवला. आणि आता हे फुलांच्या साबणाने धुतलेलं कुत्रं येऊन माझ्यासमोर बसलं होतं.

मी कातडी कमावणाऱ्या कारखान्यात होतो. मिठात बांधलेली ओली कातडी येत, ती आम्ही चुन्याच्या टाकीत सोडायचो, केस सुटले की काढायचो, आणि फळीवर पसरून आतल्या बाजूचं मांस सुरीने खरवडायचो. त्या कामाचा वास कपड्यांत बसत नाही, कपडे काय, बदलता येतात. तो कातडीत बसतो. कातडीवर काम करणाऱ्याच्या कातडीतच. आमच्यात एक रीत होती, पहिल्या दिवशी मुकादम सांगायचा: अंघोळ गारच पाण्याने करायची. गरम पाण्याने अंग उघडतं आणि आत दडलेलं सगळं वर येतं. माणूस न्हाऊन निघाला की न्हाण्याआधीपेक्षा जास्त घाण मारतो. गार पाण्याने ते आत झोपून राहतं. आमच्यातला कोणीच, थंडीत दात वाजत असले तरी, गरम पाणी घ्यायचा नाही. लग्नाच्या दिवशीसुद्धा मी गार पाण्यानेच न्हालो होतो. तरीही गल्लीतली कुत्री आमच्या मागे लागत. आम्ही कामावरून सुटलो की ती वळणावर बसलेली असत, आणि वस्तीतली माणसं म्हणत, आली मिरवणूक. आम्हीही हसायचो. दुसरं काय करणार.

कारखान्याजवळच्या गोदामाचा राखणदार मारला गेला आणि नाल्यात एक टोपी सापडली. ती कोणाची ते कोणाला ठाऊक नव्हतं. पोलिसांनी परिसरातल्या माणसांना चौकीवर बोलावलं, त्यात मी होतो. आमच्या खात्यातून मी एकटा, कारण त्या रात्री माझी पाळी होती. साहेबासमोर जायचं म्हणून बायको पहाटे उठली. म्हणाली, "आज तरी माणसासारखे जा." तिने पाणी तापवलं. मी म्हटलं, गरम नको. ती म्हणाली, "एक दिवस काही होत नाही. तुमच्या त्या मुकादमाला काय कळतंय." तिने दगडाने माझी पाठ घासली, मान घासली, हाताची बोटं एकेक करून घासली. मला बरं वाटलं होतं. आजही आठवतं, ते गरम पाणी पाठीवरून उतरताना मला फार बरं वाटलं होतं. मग धुतलेला पांढरा सदरा घालून मी जाऊन रांगेत उभा राहिलो. माझ्या एका बाजूला गोदामाचा कारकून होता, दुसऱ्या बाजूला साध्या कपड्यातले पोलीस, एक न्हावी, एक शिंपी. ऊन होतं. मला घाम येऊ लागला आणि सदऱ्याच्या गळ्यातून माझा मलाच वास आला. त्या दिवशी आला. कुत्र्याला टोपी हुंगवली. मोठं, काळं-तपकिरी कुत्रं होतं, फार देखणं. ते कारकुनाजवळ थांबलंही नाही. सरळ माझ्यापुढे आलं आणि बसलं. त्याला सांभाळणारा हवालदार म्हणाला, "शाब्बास," आणि खिशातून बिस्किटाचा तुकडा काढून त्याला दिला. कुत्र्याने तो खाल्ला, जमिनीवरचा चुराही चाटला. मी त्याचं खाणं बघत उभा होतो. मला वाटलं, झालं, आता घरी जायचं.

तुरुंगात शिट्टी भेटला. तो कच्च्या कातड्यांचा टेम्पो चालवायचा, गाव वेगळं, गुन्हा वेगळा, पण कुत्रं त्याच शाळेतलं आणि हवालदारही तोच. सारखी शिट्टी वाजवायचा म्हणून शिट्टी. वाजवायला बंदी होती, मग तो ओठ मुडपून नुसती हवा सोडायचा, आणि आम्ही चाल ओळखायची. त्याला वाचता येत होतं, मला नव्हतं. माझ्या निकालाचे कागद मी उशाखाली ठेवून झोपत असे, म्हणून तो एकदा म्हणाला, "लेका, उशाखाली ठेवून निकाल डोक्यात शिरत नाही. आण इकडे." त्याच कागदांवर त्याने मला अक्षरं शिकवली. दुसरं पुस्तक नव्हतंच. मी आधी क शोधायला शिकलो, मग काना, मग मात्रा, आणि पुष्कळ महिन्यांनी एक ओळ सबंध माझी मी वाचली: 'श्वान आरोपीसमोर बसले.' मी विचारलं, श्वान म्हणजे कोण? कोण माझ्यासमोर बसलं? शिट्टी म्हणाला, "अरे, कुत्रं. कोर्टात गेलं की कुत्र्यालाही बढती मिळते." आम्ही इतके हसलो की शिपाई आला. पण पुढची ओळ वाचायला आली तेव्हा मी हसलो नाही. 'मुक्या प्राण्याला खोटे बोलण्याचे काही कारण नाही.' शिट्टी गजांकडे बघत म्हणाला, "खरं बोलायचं तरी त्याला काय कारण?" माझं वाचन म्हणजे तेवढं. आजही मी कुठलाही छापील कागद हातात घेतला की आधी त्यात कुत्रं शोधतो.

मला सोडवलं वकीलबाईंनी. त्या आणि त्यांच्यासोबतची चार-दोन माणसं माझ्यासारख्यांची जुनी प्रकरणं उकरत बसतात. खरा मारणारा दुसऱ्या शहरात एका इस्पितळात मरणाला टेकला होता, त्याने तोंड उघडलं, आणि टोपी कुठून घेतली इथपासून सगळं सांगितलं. मी सुटलो तेव्हा एका सभागृहात माझा सत्कार झाला. हार, टाळ्या, कॅमेरे. माणसं येऊन माझा हात हातात घेत आणि हलवत, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी येई, आणि मला त्या पाण्याची शिसारी येई. एकाने विचारलं, तुम्ही त्या कुत्र्याला माफ केलंत का? वकीलबाई हात मिळवल्यावर पर्समधली छोटी बाटली काढून हाताला काहीतरी चोळतात. मला वाटलं माझ्यामुळे. पुढे पाहिलं, सगळ्यांच्याच बाबतीत चोळतात. तरी पहिलं वाटलेलं मनातून जात नाही.

लिफ्टच्या प्रसंगाआधी, त्याच आठवड्यात, त्या घरी आल्या होत्या. शिट्टीचं प्रकरण वरच्या कोर्टात लागलं होतं. त्याच्याविरुद्ध कुत्र्याशिवाय काहीच नाही, म्हणाल्या, आणि न्यायाधीशांनी एक गोष्ट मान्य केली आहे. त्यांच्यासमोर, आवारात, तशीच रांग करायची. कोर्टातल्या एका शिपायाचा रुमाल कुत्र्याला हुंगवायचा. रांगेत तो शिपाई उभा राहील, आणखी माणसं राहतील. "आणि तुम्ही," त्या म्हणाल्या. "कारखान्यातून कामावरून आलेला माणूस जसा असतो, तसे. न्यायाधीशांना हे सांगून ठेवलंय, लपवाछपवी काही नाही. कुत्रं शिपायाला सोडून तुमच्यासमोर बसलं, तर ते माणूस ओळखत नाही, कातड्याकडे जातं, हे डोळ्यांसमोर दिसेल."

"आणि नाही बसलं तर?"

"तर शिट्टीचं कठीण आहे, काका."

मी म्हटलं, दुसरं कोणीतरी बघा, कारखान्यात माणसं काय कमी आहेत. त्या म्हणाल्या, "विचारलं. सगळे घाबरतात. बसलं आणि खरंच धरून नेलं तर? तुम्हाला कोणी नेऊ शकत नाही. निर्दोष असल्याचा शिक्का असलेले तुम्ही एकटे आहात." शिक्का म्हणताना त्या थोड्या हसल्या. मी हसलो नाही. मी म्हटलं, नाही जमणार. पुन्हा त्या रांगेत उभं राहायचं, पुन्हा ते ओलं नाक मांडीजवळ, पुन्हा शाब्बास आणि बिस्किट. आणि या वेळी मी मनातून म्हणायचं की बस बाबा, बस, माझ्यासमोर बस. त्या गेल्यावर मी त्यांनी अर्धा प्यालेला पाण्याचा ग्लास तीनदा धुतला. मुलगी बघत होती. म्हणाली, "बरं केलंत नाही म्हणालात ते."

आता लिफ्टमधून आल्यावर मी मोरीत उघडा बसलो होतो आणि मला शिट्टीची ती नुसती हवेची शिट्टी ऐकू येत होती. मी जर अजूनही वास मारतो, मुलीच्या सगळ्या बाटल्या, सगळे साबण, सगळी वर्षं पुरून उरून मारतो, तर मी इथे लिंबाच्या वासात बसून कोणाला फसवतोय? आणि मारत नसेन, तर शिट्टीचं काय? संध्याकाळी मुलगी आली तेव्हा मी तिला कुत्र्याचं सांगितलं.

"पिशवीत काय होतं?" तिने विचारलं.

"पाव. अंडी."

"मग पावासाठी बसलं असेल. त्याला बिचाऱ्याला घरी वाफवलेल्या भाज्या घालतात."

मी म्हटलं, "मी जाणार आहे. कारखान्यात आधी थोडे दिवस, मग कोर्टात."

तिने चादरीच्या घड्या घालायच्या थांबवल्या नाहीत. कडेला कड लावली, हात फिरवला. मग म्हणाली, "शाळेत माझ्या बाकावर कोणी बसायचं नाही, बाबा. बाई सुद्धा वही लांबून घ्यायच्या. तुम्ही आत गेल्यावर वास हळूहळू गेला. खुनी माणसाची मुलगी म्हणून मग कोणी बसेना, पण निदान वास तरी नव्हता." हे ती रागाने बोलली नाही. हॉटेलातल्या तक्रारी सांगते तशी बोलली. "तो वास घेऊन तुम्ही या घरात येणार. या सोफ्यावर बसणार."

"जिन्यात झोपेन."

"जिन्यात झोपून दाखवा म्हणजे शेजारी मला ओवाळतील," ती म्हणाली, आणि घडी घातलेली चादर पुन्हा उलगडली.

कारखाना पुष्कळ बदलला आहे. आता यंत्रं खरवडतात, माणसं हातमोजे घालतात. मुकादम मात्र तोच, वाकलेला, एका डोळ्याने अधू. म्हणाला, "लोक इथला वास घालवायला जन्म घालवतात आणि तू मागायला आलास. घे, फुकट आहे." त्याने मला जुन्या कोपऱ्यात ओली कातडी दिली. पहिल्या दिवशी मी सुरी धरली आणि ओकलो. इतक्या वर्षांत पोट नाजूक झालं होतं, भल्या माणसांसारखं. दुसऱ्या दिवशी ओकलो नाही. आणि मग केव्हातरी, चुन्याच्या पाण्यात कोपरापर्यंत हात असताना, माझ्या लक्षात आलं की माझा श्वास खोल चालला आहे, पोटापर्यंत, जसा सुटल्यापासून एकदाही चालला नव्हता. या वासात काही लपलेलं नव्हतं. मेलेलं जनावर होतं आणि मेल्याचाच वास येत होता. घरी जाताना बसमध्ये माणसं उठून लांब जात, नाकाला रुमाल लावत, आणि मला त्या रुमालांची किळस येई. मुलीने दारात जुना पलंगपोस घालून ठेवला होता, त्यावरून मी सरळ मोरीत जायचो, गार पाणी घ्यायचो. एकदा ती म्हणाली, "गीझर आहे ना बाबा. थंडीत कसलं हे व्रत तुमचं."

कोर्टाच्या दिवशी पहाटे मी मोरीच्या दारात उभा राहून म्हणालो, "आज गरम हवं." आणि मग तिला सांगितलं. मुकादमाची रीत, तिच्या आईने तापवलेलं पाणी, दगडाने घासलेली बोटं. हे मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं काही आहे असंच वाटलं नव्हतं. ती भिंतीला टेकली.

"आई शेवटपर्यंत गार पाण्याने अंघोळ करायची," ती म्हणाली. "ताप असला तरी. मी भांडायचे. मला वाटायचं गॅस वाचवते."

मला हे माहीत नव्हतं. भेटीला यायची तेव्हा ती जाळीपलीकडून पोरीच्या अभ्यासाचं बोलायची, शेजाऱ्यांचं बोलायची. पाण्याचं कधीच नाही. मुलीने हात लांब करून गीझरचं बटण दाबलं. लाल दिवा लागला. आम्ही दोघं तो लाल दिवा बघत उभे राहिलो. मग तिने वाफाळत्या पाण्याची बादली भरून ठेवली, देवदाराच्या वासाची बाटली उचलून बाहेर नेली आणि दार लावून घेतलं.

आवारात ऊन होतं. न्यायाधीश खुर्चीवर बसले होते, त्यांच्या बाजूला वकीलबाई, सरकारी वकील, आणि पलीकडे दोन शिपायांच्या मध्ये शिट्टी. त्याचे केस सगळे गेले होते. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि ओठ मुडपले. आवाज आला नाही, पण चाल मला कळली. मी रांगेत उभा राहिलो. गरम पाण्याने उघडलेलं अंग, वर ऊन, पांढरा सदरा. माझ्या शेजारी ज्याचा रुमाल होता तो शिपाई उभा होता. तो हळूहळू सरकत माझ्यापासून वीतभर लांब गेला. हवालदार तोच होता, आता पोट सुटलेला, मिशा रंगवलेला. त्याने मला ओळखलं नाही. कुत्रं दुसरं होतं, तरुण. त्याने रुमाल हुंगला, रांगेच्या टोकापासून निघालं, शिपायाच्या पायांवरून नाक फिरवलं, आणि माझ्यासमोर आलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत माझ्याबद्दल काहीही नव्हतं. ते बसलं. हवालदाराच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "शाब्बास," हातही खिशात गेला, आणि मग सगळीकडे शांतता पसरली तेव्हा त्याला कळलं की आपण काय केलं. पण बिस्किट बाहेर आलं होतं, आणि कुत्रं वाट बघत होतं. त्याने ते दिलं. न्यायाधीश नाकाला रुमाल लावून कारकुनाला काहीतरी लिहून घ्यायला सांगत होते. वकीलबाई माझ्याकडे आल्या आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाल्या, "कागद यायला वेळ लागेल काका, पण शिट्टी सुटला म्हणून समजा. कुत्र्यावाचून त्यांच्याकडे काही नव्हतंच." त्यांनी ती बाटली काढली नाही, हे मी पाहिलं. तेवढ्यात आतून एक शिपाई फवारा घेऊन आला आणि मी जिथे उभा होतो तिथे हवेत मारू लागला. गुलाबाचा होता. मी फाटकाबाहेर जाऊन गटाराच्या कडेला ओकलो.

बसमध्ये बसलो नाही. चालत निघालो. बाजारापाशी एक कुत्रं मागे लागलं, पुलाखाली दुसरं, मग कोणत्या कोपऱ्यावर किती ते मी बघितलं नाही. मुलीच्या इमारतीपर्यंत आलो तेव्हा मागे पायांचा आवाज येत होता. वळलो. ती सगळी थांबली, आणि फाटकाच्या भिंतीला लागून, एकेक करून बसली. लंगडं, खरजुलं, कान फाटलेलं, एक पोटुशी कुत्री. वर खिडकीत मुलगी उभी होती, पडदा हातात धरून. त्यांच्यातल्या कोणाच्याही तोंडावर दगड बसेल एवढा जवळ मी होतो आणि पायाशी दगडही पडलेले होते. मी हात मागे बांधले आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांच्यासमोरून सावकाश चालत गेलो, प्रत्येकाच्या तोंडाकडे नीट बघत. कोणासमोरही थांबलो नाही.